खासगी जेटवरची वैमानिकाची नोकरी: जाहिरातीत लिहिलेलं आणि न लिहिलेलं

खासगी जेटसाठी वैमानिक हवा असल्याची जाहिरात साधारण अशी असते: "कॅप्टन हवा. एकूण ४००० तास, त्यांतले १००० जेटवर. टाइप रेटेड आणि करंट असल्यास प्राधान्य. एटीपीएल, वर्ग १ मेडिकल, इंग्रजी पातळी ४ किंवा वरची. ऐनवेळी निघायची तयारी. सेवेची आवड, गोपनीयता पाळण्याची वृत्ती." बस, एवढंच. एअरलाइनची भरती ज्याने पाहिली आहे त्याला यातला निम्मा भाग ओळखीचा वाटतो. उरलेल्या निम्म्याचा अर्थ बहुतेकांना नोकरी लागल्यावर कळतो, आणि तोवर बाँडवर सही झालेली असते. म्हणून ही जाहिरात इथे नीट सोडवून बघू. तिच्यात जे लिहिलेलं नसतं तेही बघू, कारण माझ्या मते खरी नोकरी तिथेच लपलेली असते.

तेच विमान, दोन नियमावल्या

पगाराच्याही आधी विचारायचा प्रश्न एकच: हे विमान कोणत्या नियमांखाली उडतं?

दहा आसनांचं एक जेट डोळ्यांसमोर आणा. सोमवारी त्यातून विमानाचा मालक स्वतःच्या बैठकीला जातो. मंगळवारी त्याच विमानातून, त्याच दोन वैमानिकांसोबत, त्याच मार्गावर भाडं भरलेला परका प्रवासी जातो. सोमवारचं उड्डाण बिगरव्यावसायिक, मंगळवारचं व्यावसायिक. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही, पण वैमानिकाच्या विश्रांतीपासून वयापर्यंत बरंच काही या एका फरकावर ठरतं.

हा फरक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, नियमांतच आहे. तिच्या सहाव्या परिशिष्टाचा पहिला भाग व्यावसायिक वाहतुकीसाठी आहे, तर दुसरा स्वतःच्या कामासाठी उडणाऱ्या विमानांसाठी. अमेरिकेत मालकाचं स्वतःचं उड्डाण 'भाग ९१' खाली येतं आणि चार्टर, म्हणजे भाड्याने दिलेलं उड्डाण, 'भाग १३५' खाली. युरोपात मोठ्या आणि जेट विमानांच्या बिगरव्यावसायिक उड्डाणांना २०१६पासून 'एनसीसी' नावाची नियमावली लागू आहे. चार्टर करणाऱ्या कंपनीला मात्र एओसी, म्हणजे विमान भाड्याने चालवण्याचा परवाना, घ्यावाच लागतो.

आता याचा पायलटच्या अंगावर काय परिणाम होतो ते बघा. भाग १३५ खाली दोन वैमानिकांच्या जोडीला २४ तासांत १० तासांपेक्षा जास्त उड्डाण नेमून देता येत नाही. सलग १० तास विश्रांती द्यावी लागते. दर तिमाहीत २४ तासांच्या किमान १३ सुट्ट्या आणि वर्षाला जास्तीत जास्त १४०० तास, अशाही मर्यादा आहेत. भाग ९१ खालच्या साध्या मालकी उड्डाणाला यातली एकही मर्यादा लागू नाही. सकाळी सहाला निघून, दिवसभर दुसऱ्या शहरात थांबून, मध्यरात्री परत आणलं तरी कायदा मोडत नाही. युरोपात व्यावसायिक वाहतुकीला २८ दिवसांत १०० आणि कॅलेंडर वर्षात ९०० तासांची कमाल मर्यादा आहे. एनसीसीत असा तक्ता नाही. थकलेल्या अवस्थेत उडू नये आणि उडवू नये, एवढी जबाबदारी सांगितलेली आहे. ती जबाबदारी प्रत्यक्षात कशी पाळायची हे त्या त्या कंपनीवर सोडलेलं असतं.

चांगल्या कॉर्पोरेट कंपन्या ही पोकळी स्वतः भरून काढतात. त्यांच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये ड्युटीची कमाल लांबी, विश्रांतीचे तास, तिसरा वैमानिक कधी घ्यायचा हे सगळं लिहिलेलं असतं. अशा कंपन्यांसाठी २००२पासून आयएस-बाओ नावाचं ऐच्छिक मानक आहे आणि त्याचं लेखापरीक्षणही होतं. पण मुलाखतीत नुसतं "आमच्याकडे मॅन्युअल आहे" यावर समाधान मानू नका. ड्युटीच्या मर्यादेचं पान बघायला मागा. मागितल्याबद्दल कोणी नाराज झालं, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

या दोन जगांच्या मध्ये एक तिसरी, धोक्याची जागा आहे. विमान कागदावर खासगी असतं, पण प्रवाशाकडून पैसे घेतलेले असतात. "मित्राला सोडायचंय", "खर्च वाटून घेतोय", "विमान त्यांनी लीजवर घेतलंय" अशा शब्दांत ते सांगितलं जातं. जानेवारी २०१९मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला नांतहून कार्डिफला जात असताना इंग्लिश खाडीत विमान कोसळून मरण पावला. त्या एका इंजिनाच्या छोट्या पायपर विमानाच्या वैमानिकाकडे फक्त खासगी लायसन्स होतं. पैसे घेऊन प्रवासी नेण्याची त्याला परवानगी नव्हती आणि रात्रीच्या उड्डाणाचं रेटिंगही नव्हतं. तोही त्या अपघातात गेला. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्याला पुढे १८ महिन्यांची शिक्षा झाली. अशा उड्डाणात विमा कंपनी हात वर करू शकते आणि लायसन्स जातं ते वैमानिकाचं. नवख्या पायलटला तास मिळवण्याची घाई असते, त्यामुळे जाळ्यात सापडतो तोच. ज्या उड्डाणात पैसे कोणी कोणाला दिले हे तुम्हाला सांगितलं जात नाही, त्या विमानाची पायरी चढू नका.

४००० तास कोण ठरवतं?

व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीपीएल, बहुतेक ठिकाणी २०० तासांच्या आसपास मिळतं. संपूर्ण मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला तर आयकाओच्या नियमांत १५० तासही चालतात; अमेरिकेत सर्वसाधारण मार्गाने २५० लागतात. एटीपीएल हे सर्वोच्च लायसन्स १५०० तासांवर. मग जाहिरातीत ४००० कुठून आले?

याचं उत्तर बऱ्याचदा विमा कंपनीच्या कागदात असतं. विमानाचा विमा उतरवताना कंपनी अट घालते: कमांडमध्ये असलेल्या वैमानिकाचे, म्हणजे कॅप्टनचे, एकूण तास एवढे, जेटवरचे एवढे, या टाइपवरचे एवढे, आणि गेल्या १२ महिन्यांत मान्य केंद्रात सिम्युलेटरवर प्रशिक्षण झालेलं हवं. या अटीत बसणारा कोणीही ते विमान उडवू शकतो. न बसणाऱ्याचं नाव स्वतंत्रपणे मंजूर करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कधी जास्त हप्ता, तर कधी अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली ठरावीक तास उडण्याची अट येते. म्हणजे चीफ पायलटला तुम्ही पसंत असूनही तुमचं काम अडू शकतं. उलट बाजूने, १०० तास कमी आहेत म्हणून अर्जच न करणं हीही चूक. विमा कंपनीशी बोलून वाट काढता येते, आणि चीफ पायलटला तुम्ही खरोखर हवे असाल तर तो ती काढतो.

एकूण आकड्यापेक्षा त्याच्या पोटातले आकडे महत्त्वाचे. कमांडमधले तास, एकापेक्षा जास्त इंजिनांवरचे, रात्रीचे, ढगांत उपकरणांवर उडवलेले, दोन वैमानिकांच्या कॉकपिटमधले. लॉगबुकची पानं चाळताना मुलाखत घेणारा हेच शोधत असतो. छोट्या विमानावर शिकवून मिळवलेले १५०० तास आणि टर्बोप्रॉपवर, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या पंखेवाल्या विमानावर, खराब हवामानात, अनोळखी धावपट्ट्यांवर मिळवलेले १५०० तास यांचं वजन या क्षेत्रात सारखं धरत नाहीत. म्हणूनच किंग एअर किंवा पीसी-१२ सारखं टर्बोप्रॉप हा अनेकांचा पहिला टप्पा असतो. तिथून हलकं जेट, मग मध्यम, मग ग्लोबल किंवा गल्फस्ट्रीमसारखं खंड ओलांडणारं विमान. सहवैमानिकाच्या जागेसाठी अटी बऱ्याच सैल असतात. काही ठिकाणी नव्या सीपीएलधारकालाही घेतात. मात्र तिथे दुसरीच एक गोष्ट तपासावी लागते: तुम्हाला प्रत्यक्षात उडवू देणार, की उजव्या खुर्चीत नुसतं बसवणार?

याबद्दल अमेरिकेतल्या टेटरबोरो विमानतळाजवळचा अपघात मला फार बोलका वाटतो. १५ मे २०१७ रोजी प्रवासी नसलेलं एक लिअरजेट ३५ए फिलाडेल्फियाहून तिथे येताना शेवटच्या वळणात कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. सहवैमानिकाला अनुभव कमी म्हणून कंपनीने विमान उडवण्याची मनाई केलेली होती, तरी प्रवासाच्या बहुतांश भागात नियंत्रण त्याच्याच हातात होतं. दोघांनाही कंपनीतल्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात अडचणी आल्या होत्या, आणि तरी दोघांची जोडी लावली गेली होती. प्रवासी नसले की ढिलाई चालते, असं नव्या माणसाला वाटतं. शिकण्याची संधी कुणाला नको असते? पण रिकामं विमान ही शिकण्याची शाळा नव्हे. कंपनी सहवैमानिकाला तयार कसं करते, टप्पे कोणते, सही कोण करतं, हे कागदावर आहे का ते विचारा.

वयाचीही एक बाजू आहे. दोन वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीला आयकाओने ६५ वर्षांची मर्यादा घातलेली आहे. मालकाच्या बिगरव्यावसायिक उड्डाणाला ती लागू होत नाही. त्यामुळे एअरलाइनमधून निवृत्त झालेले कॅप्टन इकडे येतात, आणि तरुण सहवैमानिकाला कधी कधी चाळीस वर्षांचा अनुभव शेजारच्या खुर्चीत मिळतो. मेडिकल मात्र कुणालाच चुकत नाही. वर्ग १ चं प्रमाणपत्र साधारणपणे दर १२ महिन्यांनी आणि साठीनंतर दर ६ महिन्यांनी नवं करावं लागतं. इंग्रजीची पातळी ४ ही किमान. तिची चाचणी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पातळी ६ मिळाली की पुन्हा नाही.

टाइप रेटिंग आणि बाँड

कार चालवता येते म्हणून कुठलीही कार चालवली, असं जेटच्या बाबतीत होत नाही. प्रत्येक जेटसाठी स्वतंत्र टाइप रेटिंग लागतं. पुस्तकी अभ्यास, मग सिम्युलेटर, शेवटी परीक्षा. सगळं मिळून साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मोठ्या जेटचं रेटिंग इतकं महाग असतं की सामान्य घरातल्या माणसाला ते स्वतःच्या खिशातून करणं म्हणजे कर्ज काढणंच. त्यातून पुढे दर ६ किंवा १२ महिन्यांनी पुन्हा सिम्युलेटर. "करंट" या शब्दाचा अर्थ हाच: रेटिंग आहे, तपासणी मुदतीत आहे, आणि गेल्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली आहेत.

खर्च कंपनीने केला तर बदल्यात ती बाँड मागते. एक, दोन, कधी तीन वर्षं. मध्येच सोडलंत तर उरलेली रक्कम भरायची. यात चुकीचं काही नाही. बाँडची भाषा मात्र एकेक शब्द करून वाचा. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? कंपनीनेच तुम्हाला काढलं, विमान विकलं गेलं किंवा मेडिकल गेलं, तर काय? पावतीवरचा खरा खर्च धरलाय, की मनाने ठरवलेला गोल आकडा? मूळ कागदपत्रं कंपनीकडे जमा करा, असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. आणि स्वतः पैसे भरून केवळ तास मिळवण्यासाठी सहवैमानिकाच्या खुर्चीत बसण्याचे जे सौदे असतात, त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे: जी कंपनी आपल्या वैमानिकाकडूनच पैसे घेऊन चालते, तिला देखभालीचे पैसे कुठून परवडत असतील, याचा विचार करा.

एक सल्ला आणखी. नोकरीचा पत्ता नसताना अंदाजाने एखाद्या विमानाचं रेटिंग करून ठेवणं टाळा. रेटिंग आहे पण त्या टाइपवर तास शून्य, अशा माणसाची अडचण मघाशी सांगितलेल्या विम्याच्या अटीपाशीच उभी राहते.

मुलाखतीत बघतात काय?

सिम्युलेटरवर तासभर उडवायला लावतात. एक इंजिन बंद करतात, ढगांतून उतरवतात. परिपूर्ण लँडिंगपेक्षा त्यांचं लक्ष तुम्ही दुसऱ्याशी बोलता कसे, चुकलं तर मान्य करता का आणि गडबडीत चेकलिस्ट हातात घेता की नाही, याकडे असतं. त्यानंतर चीफ पायलट तुम्हाला जेवायला नेतो. ते जेवणही मुलाखतच. दोन-तीन वैमानिकांच्या विभागात एकमेकांसोबत वर्षाला शंभरेक रात्री हॉटेलात काढायच्या असतात. ज्याच्यासोबत उशिरा झालेल्या उड्डाणानंतर शांतपणे बसता येत नाही, त्याला ४००० काय, १४००० तास असले तरी घेत नाहीत.

म्हणूनच या क्षेत्रातल्या बऱ्याच जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. कोणीतरी कोणाचं तरी नाव सुचवतं. नव्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं आणि काही प्रमाणात ते आहेही. पण ओळख म्हणजे वशिलाच असं नाही. हँगरमधल्या इंजिनिअरशी, विमानतळावरची कामं बघणाऱ्या हँडलिंग एजंटशी, उड्डाणाची आखणी करणाऱ्या डिस्पॅचच्या मुलीशी तुम्ही कसे वागता, हे त्या छोट्याशा जगात फिरत राहतं.

जुन्या नोकऱ्यांच्या नोंदी लपत नाहीत. अमेरिकेत तर नव्या मालकाने वैमानिकाच्या चाचण्या, अपयश आणि कामावरून काढल्याच्या नोंदी तपासाव्यात यासाठी १९९६पासून कायदा आहे आणि आता त्याचा मध्यवर्ती डेटाबेसही झाला आहे. एखादी चेक राइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, फेल झाली असेल तर स्वतःहून सांगा, आणि त्यानंतर काय शिकलात तेही सांगा. अपयश माफ होतं, लपवाछपवी होत नाही.

एक दिवस

"ऐनवेळी निघायची तयारी" आणि "सेवेची आवड" या दोन शब्दसमूहांचा अर्थ सांगायला एक दिवस पुरेसा आहे.

रात्री साडेदहाला फोन वाजतो: उद्या सकाळी सातला उड्डाण. तुम्ही पाचला विमानापाशी. कव्हर काढायची, विमानाभोवती फिरून तपासणी करायची, इंधन किती ते सांगायचं. फ्लाइट प्लॅन, हवामान, पलीकडच्या विमानतळाचा स्लॉट (नेमून दिलेली वेळ), उतरण्याची परवानगी, प्रवाशांच्या पासपोर्टची माहिती. मोठ्या कंपनीत हे ऑपरेशन्स विभाग बघतो, छोट्या ठिकाणी तुम्हीच. खाण्याच्या ट्रे आल्या का, कॉफी गरम आहे का, वर्तमानपत्रं ठेवली का, शौचालय साफ आहे का. हलक्या जेटवर केबिन क्रू नसतो, म्हणून सहवैमानिक ही सगळी कामं करतो.

पावणेसातला गाड्या येतात. चार प्रवासी सांगितले होते, आलेत सहा. सोबत लांबलचक खेळाच्या बॅगा. तुम्ही हसून त्या घेता, होल्डमध्ये आडव्या-उभ्या करून बसवता, आणि तेवढ्यात डोक्यात गणित चालू असतं: दोन माणसं आणि एवढं सामान वाढलं, इंधन भरलेलं आहे, पलीकडची धावपट्टी आखूड आणि उंचावर. वजन बसतं का? स्वित्झर्लंडमधलं सामेदान समुद्रसपाटीपासून १७०० मीटर उंचीवर आहे. अशा जागी विरळ हवेत प्रत्येक किलो धावपट्टी खातो. बसत नसेल तर सामान उतरवायचं, किंवा वाटेत इंधनासाठी थांबायचं, आणि ते मालकाला विमानाच्या दारात उभं राहून सांगायचं. सेवा म्हणजे कॉफी नीट देणं, तसंच हे नीट सांगणंही.

नऊला उतरलात. परतीची वेळ संध्याकाळी पाच. पाचचे सात होतात, सातचे नऊ. प्रत्यक्ष उड्डाण चार तासांचं, पण तुम्ही जागे आहात पहाटे साडेतीनपासून. एअरलाइनचा वैमानिक उड्डाणांनी थकतो. इथे वाट बघण्यानेही थकवा येतो, आणि ती थकावट लॉगबुकात उमटत नाही. म्हणून "वर्षाला ३५० तासच उडायचंय" असं आमिष दाखवलं, तर विचारा: ड्युटीवर किती दिवस? दिवसा झोपायला हॉटेलची खोली मिळते का?

रोस्टर, पगार आणि कागद

रोस्टरचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात ठरलेलं चक्र असतं, सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी, किंवा दोन-दोन आठवड्यांचं. मोठ्या फ्लीटच्या आणि अंशतः मालकीच्या कंपन्यांत हे दिसतं. एका विमानाचे अनेक मालक आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक तास, ही अंशतः मालकीची योजना नेटजेट्सने १९८६मध्ये आणली. अनेक विमानं असल्याने तिथे आजारी पडलेल्याची जागा दुसरा घेऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे एका मालकाचं एक विमान. तिथे सुट्टी म्हणजे फोन न वाजलेला दिवस. सलग आठ दिवस घरी आणि मुलाच्या वाढदिवसालाच निघावं लागलं, हे तिथे नित्याचं. म्हणून करारात "हार्ड डे ऑफ" महिन्याला किती, हे आकड्यात लिहून घ्या. त्या दिवशी फोन उचलायचं बंधन नसतं.

पैशांचं चित्र फार असमान आहे. लांब पल्ल्याच्या मोठ्या जेटचा अनुभवी कॅप्टन एअरलाइनच्या तोडीचं कमावू शकतो. हलक्या चार्टर जेटचा सहवैमानिक कसाबसा भागवतो. एअरलाइनमध्ये सेवाज्येष्ठतेचा क्रमांक असतो आणि तो तुम्हाला हळूहळू वर नेतो. इथे तो नसतो. कमांड दोन वर्षांत मिळू शकते, किंवा दहा वर्षांत नाही, कारण वरचा कॅप्टन जागा सोडत नाही. आणि सगळ्यात मोठा धोका पगाराचा नाहीच: मालकाने विमान विकलं की विभाग बंद. कामात कसूर न करताही एका महिन्यात नोकरी जाते. त्यामुळे नोटिशीचा काळ, विमान विकल्यास मिळणारी भरपाई आणि लायसन्स गेल्यास मिळणारा विमा या तीन कलमांवर मी पगाराइतकाच वेळ घालवायला सांगेन.

फ्रीलान्स वैमानिकाला दिवसाचा दर मिळतो आणि तो वरकरणी आकर्षक दिसतो. त्यातून सिम्युलेटर, मेडिकल, आजारपण, निवृत्ती आणि काम नसलेले आठवडे वजा करून बघा. काही ठिकाणी वर्षभर एकाच कंपनीसाठी, तिच्याच रोस्टरवर उडणाऱ्या माणसाला कागदावर "स्वतंत्र व्यावसायिक" दाखवतात. मग रजा नाही, हक्क नाहीत, आणि नकार दिला की पुढचा दिवस मिळत नाही.

नकार

खासगी विमानात मालक चार मीटरवर बसलेला असतो. एअरलाइनच्या प्रवाशाला कॅप्टनचं नाव माहीत नसतं. इथे मालकाला तुमच्या मुलांची नावं माहीत असतात. हवामान खराब असताना "नाही" म्हणायचं ते ज्याच्या सहीने पगार होतो, त्याच्या तोंडावर.

२९ मार्च २००१ची संध्याकाळ. एक गल्फस्ट्रीम ३ लॉस एंजेलिसहून कोलोराडोच्या डोंगरांतल्या ॲस्पेनला निघालं होतं. भाड्याने घेतलेलं, १५ प्रवासी, ३ कर्मचारी. प्रवासी उशिरा आले आणि निघायला उशीर झाला. ॲस्पेनला रात्री उतरण्यावर निर्बंध होते, त्यामुळे हाताशी मोजकी मिनिटं उरली. दुसऱ्या विमानतळावर जावं लागेल ही कल्पना ग्राहकाला आवडली नव्हती, आणि ते कॅप्टनला ठाऊक होतं. उतरताना एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा खुर्चीत येऊन बसला होता. अंधार, बर्फ, चहूकडे डोंगर. धावपट्टी नीट दिसत नसताना विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेलं आणि डोंगरउतारावर आदळलं. १८ जण गेले. चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी सरकारी संस्थेने कारणांत भर घालणाऱ्या बाबींमध्ये ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेल्या दबावाचा स्पष्ट उल्लेख केला. त्या कॉकपिटमधल्या जादा खुर्चीचा विचार केला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. कोणी पिस्तूल रोखलेलं नव्हतं. एक माणूस फक्त मागे बसून बघत होता.

दबाव नसतानाही बिघडतं, ते दुसऱ्या वाटेने. ३१ मे २०१४ला मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम ४ धावपट्टीवरून उठलंच नाही. वाऱ्याने पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग आपटू नयेत म्हणून उभ्या विमानाला लावायचा खटका काढलेलाच नव्हता. सात जण मरण पावले. दोन्ही वैमानिक अनुभवी, वर्षानुवर्षं एकमेकांसोबत उडणारे. नोंदी तपासल्यावर दिसलं की आधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा उड्डाणापूर्वीची नियंत्रणांची पूर्ण तपासणी त्यांनी केली नव्हती. त्या विभागाकडे आयएस-बाओची नोंदणीही होती. दोनच माणसांचा संघ, बाहेरून कोणी बघणारं नाही. मग सवय हीच नियमावली होते.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारलं, की माझ्या मते दोन प्रश्न विचारायचे. पहिला: तुमच्या वैमानिकांचं उड्डाण बाहेरचं कोण तपासतं, आणि वर्षातून किती वेळा? दुसरा: गेल्या सहा महिन्यांत कॅप्टनने उड्डाणाला नकार दिला किंवा विमान दुसरीकडे वळवलं, असा एखादा प्रसंग सांगाल का, आणि नंतर मालक काय म्हणाले?

दुसऱ्या प्रश्नानंतर समोरच्या चेहऱ्याकडे बघा. चांगला चीफ पायलट लगेच सांगायला लागतो: अमुक दिवशी धुकं होतं, आम्ही शंभर किलोमीटरवर उतरलो, गाडी मागवली, मालक दोन तास चिडलेले होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून ठीक केलंत म्हणून सांगितलं. तो विमानाचा नंबरही सांगेल. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे अशी वेळ कधी आलीच नाही." मग या विभागातून शेवटचा कोण गेला त्याचं नाव विचारून घ्या, आणि सही करण्याआधी त्याला फोन करा.